खांब सर्वांचा, झेंडा कोणाचा?

परभणीत कोणता महिना चालू आहे, हे चौकातल्या झेंड्यांवरूनही सांगता येते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उर्साच्या दिवसांत हिरवे झेंडे दिसू लागतात. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीचे भगवे, १४ एप्रिलला निळे आणि पंचशील, ३१ मे रोजी अहिल्यादेवींच्या जयंतीला पिवळे. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनाला सगळे शहर तिरंग्याखाली येते. यातले बरेचसे झेंडे घरांवर असतात आणि त्याबद्दल कोणाचे काही म्हणणे नाही. पण अनेक झेंडे दुभाजकाच्या कठड्याला, पथदिव्याच्या खांबाला, चौकातल्या वाहतूक बेटाला किंवा पुतळ्याभोवतीच्या जाळीला बांधलेले असतात. ही जागा कोणा एकाची नाही आणि तिची राखण महापालिकेकडे किंवा नगरपालिकेकडे आहे. तिथे कोणता झेंडा लागावा, किती दिवस राहावा आणि हे कोणी ठरवावे, हा प्रश्न परभणी, गंगाखेड, सेलू, पाथरी, जिंतूर अशा सर्वच गावांचा आहे. त्याचे उत्तर आजवर बहुधा प्रसंग पाहून दिले जाते. ते आधीच लिहून ठेवावे का, आणि ठेवायचे तर काय लिहावे, याचा शांतपणे विचार करायला हवा.

तिरंग्यापुरता कायदा स्पष्ट आहे. भारतीय ध्वज संहिता, २००२ आणि राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ यांनी बहुतेक प्रश्न सोडवून ठेवले आहेत. राष्ट्रध्वज ज्या महत्त्वाच्या सार्वजनिक इमारतींवर फडकवायचा, त्यांत संहितेने जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषदेबरोबर नगरपालिकेचाही उल्लेख केला आहे. राष्ट्रध्वजापेक्षा उंच, त्याच्या वर किंवा त्याच्या बरोबरीने दुसरा ध्वज लावायचा नाही. एकाच स्तंभावर त्याच्यासोबत दुसरा ध्वज चढवायचा नाही. फाटका किंवा मळका ध्वज फडकवायचा नाही. नवीन जिंदाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये सन्मानपूर्वक तिरंगा फडकवणे हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. मात्र तो अधिकार निरंकुश नाही, हेही न्यायालयाने त्याच निकालात सांगितले.

इतर झेंड्यांच्या बाबतीत एवढी स्पष्टता नाही. मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा महाराष्ट्राचा १९९५ चा कायदा आहे. महापालिका अधिनियमात जाहिरात फलकांवर नियंत्रणाच्या तरतुदी आहेत. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध कडक आदेशही दिले. पण हे सारे मुख्यतः फलक, भित्तिपत्रके आणि कमानी डोळ्यांसमोर ठेवून झालेले आहे. श्रद्धेचा झेंडा म्हणजे जाहिरात नव्हे, असे लावणारा म्हणतो आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. दुसरीकडे, सार्वजनिक खांबाला परवानगीशिवाय काही बांधले की खांबाचा वापर झालाच, असे प्रशासन म्हणते. तेही खोटे नाही.

सार्वजनिक मालमत्तेवर तिरंग्याखेरीज एकही झेंडा नको, असे मानणाऱ्यांची बाजू आधी पाहू. नगरपालिका कर घेताना धर्म, जात, पक्ष विचारत नाही. मग तिच्या खांबाने तरी एकाची खूण का मिरवावी, असा त्यांचा सवाल आहे. रस्त्याने जाणाऱ्याला एखाद्या चौकात बारमाही एकच रंग दिसला, तर हा चौक आपला नाही असा निरोप त्याला नकळत मिळतो. शिवाय झेंडा एकटा राहत नाही. एकाने लावला की दुसऱ्याला लावावासा वाटतो, मग उंचीची चढाओढ सुरू होते. जोधपूरच्या जालोरी गेट चौकात मे २०२२ मध्ये नेमके हेच घडले. रमजान ईद आणि परशुराम जयंती एकाच दिवशी आल्या होत्या. स्वातंत्र्यसैनिक बालमुकुंद बिस्सा यांच्या पुतळ्यापाशी कोणाचे झेंडे लागावेत यावरून रात्री वाद पेटला, दगडफेक झाली आणि शहराच्या मोठ्या भागात संचारबंदी लावावी लागली. ज्यांच्या पुतळ्याभोवती हे घडले, त्यांचा त्या वादाशी काडीचाही संबंध नव्हता.

परभणीला हा धोका समजावून सांगण्याची गरज नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्थानक परिसरातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि त्यानंतर अटक झालेल्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. ती घटना झेंड्याची नव्हती आणि तिचे न्यायाचे प्रश्न वेगळे आहेत. पण उघड्यावरच्या प्रतीकाला हात लागला तर शहराला काय सोसावे लागते, हे परभणीकरांनी पाहिले आहे. प्रतीके जितकी जास्त आणि त्यांची जबाबदारी जितकी अस्पष्ट, तितका धोका मोठा, असा निष्कर्ष कोणी काढला तर त्याला भित्रा म्हणता येणार नाही.

तथापि, झेंडा लावणाऱ्यांची बाजूही तेवढ्याच आदराने ऐकली पाहिजे. सार्वजनिक जागा कोरी ठेवणे सर्वांना सारखेच परवडते, हे गृहीतक तपासून पाहावे लागते. ज्या समाजाची मंगल कार्यालये, शिक्षणसंस्था आणि मुख्य बाजारपेठेत इमारती आहेत, त्याला आपला झेंडा लावायला स्वतःच्या गच्च्या असतात. ज्याच्याकडे दोन खोल्यांचे घर आणि वस्तीच्या तोंडाशी एक चौक एवढेच आहे, त्याच्यासाठी तो चौक हेच अंगण असते. मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गावाच्या मधल्या रस्त्याने चालणेही सोपे नव्हते, त्यांच्या झेंड्याचा अर्थ ‘आम्हीही या गावाचे आहोत’ असा आहे. तो उतरवायला सांगणारा नियम कागदावर सर्वांना सारखा असला, तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही.

इतिहासही या बाजूला पुरावा देतो. १९२३ मध्ये जबलपूरच्या नगरपालिकेला आपल्या इमारतीवर चरख्याचा राष्ट्रीय झेंडा लावायचा होता आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी तो लावू दिला नाही. तिथून ठिणगी नागपुरात आली. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली आणि ते आंदोलन झेंडा सत्याग्रह म्हणून देशभर गाजले. निजामी राज्यात तर तिरंगा हाती धरणे हाच गुन्हा होता. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही मराठवाड्याला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत वाट पाहावी लागली. सत्तेच्या इमारतीवर कोणाचा झेंडा नाही, यावरून सत्ता कोणाला मोजत नाही हे कळते, ही जाण इथल्या माणसाला पुस्तकातून मिळालेली नाही. मात्र याच इतिहासाचा दुसरा अर्थही काढता येतो. नागपूरचे सत्याग्रही ज्याच्यासाठी तुरुंगात गेले, तो कोण्या एका गटाचा झेंडा नव्हता. सर्वांनी एका झेंड्याखाली यावे म्हणून तो पुढे केलेला होता. दोन्ही बाजूंना या इतिहासावर हक्क सांगता येतो आणि दोघांचाही हक्क खरा आहे.

एक वेगळा प्रकार इथेच लक्षात घ्यावा लागतो. काही झेंडे लोक लावतात, काही शासन स्वतः लावते. महाराष्ट्राच्या ग्रामविकास विभागाने जानेवारी २०२१ मध्ये आदेश काढला की ६ जूनला, शिवराज्याभिषेकाच्या दिवशी, प्रत्येक जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायतीत शिवस्वराज्य दिन साजरा करून भगवा स्वराज्यध्वज उभारावा. ध्वज तीन फूट रुंद, सहा फूट लांब, त्यावर जिरेटोप, सुवर्ण होन, जगदंब तलवार, शिवमुद्रा आणि वाघनखे. सकाळी उभारायचा आणि सूर्यास्ताला उतरवायचा, इतक्या बारकाईने त्याची संहिता ठरवली गेली. त्यावर आक्षेप आले. सरकारी कार्यालय घटनेने चालते, तिथे राष्ट्रध्वजाखेरीज दुसरा ध्वज शासनाच्या आदेशाने का, असे विचारले गेले. समर्थकांनी उत्तर दिले की शिवछत्रपतींचे राज्य ही साऱ्या महाराष्ट्राची मिळकत आहे, तिला एका धर्माच्या चौकटीत बसवणे हाच त्यांच्यावर अन्याय आहे.

या वादात कोणालाही सहज निकालात काढता येत नाही. मात्र नियमाच्या दृष्टीने त्या आदेशातल्या दोन गोष्टी अनुकरणीय आहेत. हा ध्वज कोण लावतो आहे, हे त्यात स्पष्ट आहे: शासन, आपल्या नावाने, लेखी आदेशाने. आणि तो कधी उतरेल, हेही त्यात स्पष्ट आहे. त्याचे समर्थन करणारा आणि त्याला विरोध करणारा, दोघांनाही जाब कोणाला विचारायचा ते ठाऊक आहे. चौकात रात्रीतून उभ्या राहिलेल्या खांबाबाबत हे म्हणता येत नाही.

शासनाचा झेंडा आणि लोकांचा झेंडा यांत गल्लत झाली की काय होते, हे अमेरिकेतल्या बोस्टन शहराने अनुभवले. तिथल्या नगरभवनासमोरचा एक ध्वजस्तंभ वेगवेगळ्या संस्थांना कार्यक्रमापुरता मिळत असे. बारा वर्षांत २८४ अर्ज मंजूर झाले होते. मग एका संस्थेने ख्रिस्ती ध्वज लावण्याची परवानगी मागितली आणि शहराने प्रथमच नाही म्हटले. मे २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: स्तंभ सर्वांना खुला केला असेल, तर विचार आवडत नाही म्हणून एकालाच नाकारता येणार नाही; स्तंभ शहराच्या स्वतःच्या बोलण्यासाठी राखायचा असेल, तर तसे आधी ठरवून ठेवावे. आपली राज्यघटना आणि आपला समाज वेगळे आहेत, तो निकाल आपल्याला लागू नाही. पण त्यातले व्यावहारिक शहाणपण कोणत्याही नगरपालिकेला उपयोगी पडेल.

कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या केरगोडू गावी जानेवारी २०२४ मध्ये हीच गल्लत वेगळ्या तऱ्हेने पुढे आली. तिथे १०८ फूट उंच ध्वजस्तंभ उभा राहिला. परवानगी राष्ट्रध्वज व राज्याचा ध्वज लावण्यासाठी होती, असे प्रशासनाचे म्हणणे. प्रत्यक्षात त्यावर हनुमान ध्वज चढला. प्रशासनाने तो उतरवून तिरंगा चढवला आणि गावात आंदोलन पेटले. वर्गणी काढून स्तंभ उभारणाऱ्यांना वाटले की आपली श्रद्धा खाली ओढली गेली. प्रशासनाला वाटले की आपण फक्त परवानगीची अट पाळून घेतली. दोन्ही बाजू प्रामाणिक असूनही गावाचे स्वास्थ्य गेले. बेळगावात महापालिकेच्या दारात डिसेंबर २०२० मध्ये कन्नड संघटनांनी लाल-पिवळा झेंडा उभारला, तेव्हा सीमाभागातल्या मराठी माणसाला झालेली वेदना आपल्याला लगेच कळली. तशीच वेदना आपल्या गावात आपल्या झेंड्यामुळे दुसऱ्या कोणाला होत असेल, हे समजून घेणे अधिक कठीण आहे आणि म्हणूनच अधिक आवश्यक.

या सगळ्यात एक माणूस सहसा चर्चेबाहेर राहतो. पावसाळ्याच्या तोंडावर दुभाजकाच्या कठड्याला एप्रिलमधला झेंडा अजून सुतळीने बांधलेला असतो. उन्हाने त्याचा रंग उडालेला असतो, कडा उसवून दोरे लोंबत असतात, वेळू कलून सिग्नलच्या दिव्यावर आलेला असतो. तो काढायला पालिकेचा सफाई कामगार किंवा वीज विभागाचा वायरमन शिडी घेऊन जातो. तो ज्या क्षणी झेंड्याला हात लावतो, त्या क्षणी कोणीतरी मोबाइल पुढे करून चित्रीकरण सुरू करते. हा झेंडा काढण्याचा आदेश कोणाचा, फक्त आमचाच का, पलीकडचा का नाही, या प्रश्नांची उत्तरे त्या कामगाराकडे नसतात. त्याच्या खिशात लेखी आदेश नसेल, तर साहेबही नंतर हात वर करतात. झेंडा लावताना शंभर जण असतात. उतरवताना तो एकटा असतो. नियम नसण्याची किंमत सर्वांत आधी तो मोजतो. आणि ज्या झेंड्यासाठी आपण जीव टाकू म्हणतो, तो चिखलात लोळत असतो, ही त्या झेंड्याचीही विटंबनाच आहे.

मग कोणत्या बाजूला झुकावे? पूर्ण बंदी सोपी दिसते, पण ती उत्सवप्रिय गावाच्या स्वभावाला धरून नाही आणि तिचा भार दुबळ्यांवर अधिक पडतो. शिवाय जी बंदी पाळून घेता येत नाही, ती निवडक वापराचे हत्यार बनते. उलटपक्षी, पूर्ण मोकळीक म्हणजे ज्यांची संख्या आणि ताकद जास्त त्यांचा चौक. आमच्या मते फरक करायचा तो झेंड्याझेंड्यांत नव्हे. कायमचा झेंडा आणि ठरावीक दिवसांचा झेंडा यांत करावा. चौकाचा मध्य एकच असतो. तो एकाला कायमचा दिला की दुसऱ्यासाठी काही उरत नाही. वर्षाचे दिवस मात्र ३६५ असतात. जागा वाटता येत नाही. दिवस वाटता येतात.

म्हणून सार्वजनिक जागेवर पक्का चौथरा बांधून बारमाही फडकणारा ध्वज फक्त राष्ट्रध्वज असावा. सार्वजनिक रस्ते आणि उद्यानांत विनापरवाना धार्मिक बांधकामे होऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच बजावले आहे. पक्का चौथरा आणि त्यावरचा स्तंभ हे त्याच मार्गावरचे पाऊल असते. जिथे तिरंग्याची रोजची निगा राखण्याची तयारी नाही, तिथे उंच स्तंभाचा हट्टही नको. शासनाला एखाद्या दिवशी दुसरा ध्वज लावायचा असेल, तर त्याने तो स्वतःच्या नावाने आणि लेखी आदेशाने लावावा.

ठरावीक दिवसांच्या झेंड्यांसाठी मात्र दार उघडे हवे, आणि सर्वांना सारखे उघडे हवे. उत्सवाच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत झेंडे राहतील. ज्याचा अर्ज आधी त्याला जागा आधी. दोन उत्सव एकत्र आले तर रस्त्याच्या दोन बाजू आधीच वाटून दिलेल्या असतील. विजेच्या खांबांना, सिग्नलला आणि राष्ट्रध्वजाच्या स्तंभाजवळ काहीही बांधले जाणार नाही. पुतळ्याच्या जाळीवर त्या महापुरुषाच्या उत्सवाखेरीज दुसरा झेंडा लागणार नाही. लावणाऱ्या मंडळाने छोटी अनामत भरावी आणि मुदतीत स्वतःच्या हाताने, सन्मानाने झेंडे उतरवावेत. परवानगी नाकारायची तर वाहतूक, सुरक्षितता, आधी दिलेली जागा किंवा चिथावणीखोर मजकूर एवढ्याच कारणांनी, आणि तीही लेखी. राजकीय पक्षांचे झेंडे या सवलतीत धरू नयेत. त्यांना फलकांचे नियम आणि शुल्क लागू असावे. आचारसंहिता लागताच सरकारी मालमत्तेवरून २४ तासांत आणि इतर सार्वजनिक जागांवरून ४८ तासांत प्रचारसाहित्य उतरवले जाते, म्हणजे मनात आणले तर हे काम होते, याचा अनुभव प्रत्येक गावाला आहे.

खांब नेमका कोणाचा, याची यादीही आधी करावी लागेल. पाथरी, मानवतकडून येऊन परभणीतून वसमतकडे जाणारा रस्ता हा राष्ट्रीय महामार्ग ६१ आहे. विजेचे खांब महावितरणचे, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे. नागरिकाने चार कार्यालयांचे उंबरठे झिजवू नयेत, यासाठी अर्ज एकाच खिडकीत घेतला जावा.

या मार्गाचा तोटाही सांगितला पाहिजे. वस्तीच्या चौकात वर्षभर असणारा झेंडा ज्यांना आधार देतो, त्यांच्याकडून हा नियम काहीतरी काढून घेतो. वर्षातले तीन दिवस ही त्याची पूर्ण भरपाई नव्हे. ती उणीव वस्तीतल्या समाजमंदिराच्या आवारात, ज्याच्या त्याच्या संस्थेच्या जागेत झेंड्याला मुभा देऊन काही अंशी भरून काढता येईल. दुसरा धोका अंमलबजावणीचा. आज उभे असलेले झेंडे काढायला एखाद्या एकाच रंगापासून सुरुवात झाली, तर उत्तम नियमही पहिल्याच दिवशी पक्षपाती ठरेल. त्यामुळे रातोरात कारवाई नको. शांतता समितीत सर्व मंडळांना बसवून एकच तारीख ठरवावी, तोपर्यंत आपापले झेंडे आपापल्या हाताने उतरवण्याची संधी द्यावी, आणि त्या तारखेनंतर सर्वांना एकच न्याय लावावा. हा दिवस गाठण्याचे धैर्य प्रशासनात नसेल, तर नियम न केलेलाच बरा. कारण अर्धवट लागू केलेला नियम नसलेल्या नियमापेक्षा जास्त जखमा करतो.

या निष्कर्षाशी असहमत होणारे समंजस लोक दोन्हीकडे असतील. कोणाला तीन दिवस फार वाटतील, कोणाला फार थोडे. त्यावर महासभेत उघड चर्चा व्हावी, ठराव मराठीत लिहून प्रत्येक प्रभाग कार्यालयात लावावा आणि वर्षाने त्याचा फेरविचार व्हावा. मात्र हा ठराव दोन उत्सवांच्या मधल्या निवांत दिवसांत व्हायला हवा, कोणाचाही झेंडा वादात नसताना. वाद पेटल्यावर केलेला प्रत्येक नियम कोणाच्या तरी विरुद्धचा वाटतो. आधी केलेला नियम सर्वांचा वाटू शकतो, आणि तेव्हाच शिडीवरच्या कामगारापासून मंडळाच्या अध्यक्षापर्यंत प्रत्येकाला तो पाळण्यात कमीपणा वाटत नाही.